मदत हवी आहे : जुन्या पीव्हीसी पाइपपासून पेन बनवताना थर सुटतात

नमस्कार मंडळी,

आमच्या द्राक्षबागेतली जुनी पाइपलाइन यंदा बदलली. अडीच इंची करड्या पाइपचे तुकडे भंगारात घालायला जीव होईना, म्हणून त्यांचे पेन आणि किचेन करायला घेतलेत.

पाइप उभा चिरून उकळत्या पाण्यात सोडला की कातड्यासारखा मऊ पडतो. लगेच दोन फरशांत दाबला की सपाट पट्टी मिळते. पट्टी दोन-अडीच मिलीमीटरचीच असल्याने सहा-सात पट्ट्या सोल्युशनने चिकटवून ठोकळा करतो, त्यात ७ मिलीमीटरचं भोक पाडतो आणि लेथवर गोल करतो. करड्या थरांत एखादी पांढरी पट्टी घातली की पेनवर सुरेख रेघ उमटते!

अडचण भोक पाडताना येते. निम्म्यात पोचलं की बिट तापतं, भुगा वितळून त्याला चिकटतो आणि नेमके मधले थर सुटतात. पाचातले तीन ठोकळे असेच गेले. सोल्युशन आत वाळत नसेल का? मी एक रात्र ठेवतो. पट्ट्या आधी पॉलिशपेपरने घासाव्यात का? ड्रिलचा वेग किती ठेवता?

ठिबकच्या काळ्या नळ्याही पडून आहेत, पण पॉलिथिनला हे सोल्युशन धरत नाही. त्यांचं काय करता येईल?

एक विनंती, गॅसच्या ज्योतीवर पाइप तापवायला सुचवू नका. पीव्हीसी करपलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो आणि माझ्याजवळ मुलं बसलेली असतात.