काळ्या, वाघ्या का शेरू?

ग्रुप: वाड्यातले सगळे

पिंटू: (फोटो) हा स्टँडवरचा. दिवसभर बाकड्याखाली झोपून राह्यते. आता स्टँडवरचे कुत्रे उचलणार म्हणते. टपरीवर सकाळपासून हेच चालू हाये.

वैभव (पुणे): खरं आहे. सुप्रीम कोर्टाने 7 नोव्हेंबर 2025 ला सांगितलं, शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचला, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि परत त्याच जागी सोडू नका. गल्लीतल्या कुत्र्यांचं वेगळं. त्याच वर्षीच्या 22 ऑगस्टच्या आदेशाप्रमाणे ती टोचून पुन्हा आपापल्या गल्लीत सोडायची. पिसाळलेली नि चावरी असतील ती नाही.

शीलाआत्या: कोर्टाचं राहू दे बाप्पा. फोटो पाह्यला का कोणी? हा त आपला वाघ्या! छातीवर तसाच पांढरा टिक्का.

प्रमोददादा: वाघ्या कोण आत्या? असा शेरू होता आपल्या वाड्यात.

बंडूकाका: वाघ्या अन् शेरू कोणी नव्हतं. काळ्या होता. डावा कान फाटका. रानडुकरानं फाडला होता, मी सोता औषध लावलं. तेव्हा मी ढोरायच्या दवाखान्यात नवाच लागलो होतो.

शीलाआत्या: डावा कान फाटका त आमच्या वाघ्याचा होता!!

प्रमोददादा: आमच्या शेरूचा पण 😄

योगेश: थांबा. मोठी आई हसून राह्यली. ती सांगते तसं लिहितो.
कुत्रं एकच. 1983 ले वाटण्या झाल्या. वाड्यात चुली तीन झाल्या, विहीर एक राह्यली, कुत्रं एक राह्यलं. विहिरीच्या पाळ्या कागदावर लिहून ठेवल्या होत्या, कुत्र्याचं कोणी लिहिलं नाही. तो दिवेलागणीले मोठ्या घरी जाये, मंग मधल्या घरी, अन् सगळ्यात शेवटी आमच्याकडे. पहिली भाकर गाईची, शेवटची कुत्र्याची. म्हणजे त्याले रोज तीन शेवटच्या भाकरी. जावाजावा तेव्हा बोलत नव्हत्या, म्हणून कोणाले पत्ताच नाही लागला. जे ते म्हणे, आमच्याच घरचं खाते.

प्रमोददादा: मोठी आई 🙏 म्हणजे 40 वर्षं आम्ही ज्याले शेरू म्हणून राह्यलो तो फुकटखाऊ होता.

मोठी आई (योगेश): फुकट नाही खाल्लं त्यानं. जागलीले कोण जाये मंग?

प्रमोददादा: हाव, हे खरं. हरभरा घाटे धरू लागला का बाबा जागलीले जात. मचाणावर घोंगडं, खाली शेकोटी अन् शेकोटीपाशी हा. वावरात रोही (नीलगाय) शिरला का बाबाले जाग यायच्या आत हा बांधावर. अन् सकाळी घरी येताना बंडीच्या खालून चाले, बरोबर आखाच्या सावलीत. बाबा म्हणत, पाहा, बंडी हाच ओढून राह्यला.

पिंटू: आता झटका मशीन हाये दादा. तारेले हात लावून पाहा, बंडी आठवन 😂

वैभव: काय दिवस होते. कोणी पट्टा बांधत नव्हतं, कोणी तक्रार करत नव्हतं. आमच्या सोसायटीत एका वाटीभर दूधभातावरून दोन विंगा एकमेकींशी बोलत नाहीत.

संगीतावैनी: वैभवभाऊजी, एवढंही गोड नव्हतं. मी आशाचं काम करते, घरोघरी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकते. कुत्रं चावलं का जखमेवर तिखट नाही त चुना. मंग दवाखान्यात बेंबीच्या भोवती 14 सुया, रोज एक. पोट सुजून येई. त्या भेवानं अर्धे लोक मधातच सोडून देत. ती मेंदूच्या ऊतीपासून बनवलेली जुनी लस आपल्या देशात 2005 च्या आसपास बंद झाली. आता दंडात देतात, चार-पाच वेळा, ठरलेल्या दिवशी. दुखत पण नाही फारसं. पण आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची. हे अजूनही लोक करत नाहीत, हळद शोधत बसतात. खोल चावलं असन त सीरम, म्हणजे रेबीजचं वेगळं इंजेक्शन, ते पण लागते.

शीलाआत्या: आमच्या सिंदेवाहीकडे कुत्र्याचं भेव नाही, कुत्र्यासाठी भेव. आंगणात बांधलं त बिबट्याले ताट वाढून ठेवल्यासारखं. आमचे दोन गेले. आता रातच्याले आत घेतो, सपरीचं दार लावून.

बंडूकाका: कुत्रे वाढले वाढले म्हणता, पण काऊन वाढले हे कोणी बोलत नाही. पिंटू, तू ढोरफोडी पाह्यली नसन. गावाच्या बाहेर, नाल्याच्या पल्याड. बैल मेला का तिथे नेऊन टाकत. सकाळी टाकला का दुपारलोक नुसता सापळा. पन्नास-साठ गिधाडं उतरत. कुत्रे लांब बसून वाट पाहत, त्यायची पाळीच येत नव्हती. मंग 1990 नंतर गिधाडं कमी कमी होत गेले. मेलेल्या ढोराच्या अंगात डायक्लोफिनॅक, म्हणजे दुखण्या-सुजेचं औषध असे, ते खाऊन गिधाडायचे मूत्रपिंड निकामी होत. ते इंजेक्शन मी सोता हजारदा भरलं असन. सुजलेल्या पायाचा बैल दुसऱ्या दिवशी चालू लागे, लोक हात जोडत. कोणाले माहीत होतं? 2006 ले ढोरांसाठी बंद केलं, पण तवरिक आकाश रिकामं झालं होतं. मंग ढोरफोडीवर कुत्रेच राह्यले. जिथं पाच होते तिथं पंचवीस. मांस खाऊन टोळीनं राहू लागले, वासरावर धावू लागले. भाकरीचं कुत्रं अन् ढोरफोडीचं कुत्रं यात फरक हाये बापू.

पिंटू: आता ढोरफोडी पण नाही काका. चिकनच्या दुकानामागचा उकंडा हाये. स्टँडच्या मागेच.

प्रमोददादा: काका, हे इंजेक्शनचं कधी सांगितलं नाही तुम्ही.

बंडूकाका: इचारलं कोणी?

(कोणीतरी गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकला आहे.)

शीलाआत्या: वाघ्या कुठं गेला हे आठवते का कोणाले? मी आठवीत होती. आबानं सांगितलं, बंडीखाली चालत दारव्ह्याच्या बाजारात गेला अन् तिथेच राह्यला. मी तीन बाजार त्याले पाहत हिंडली. प्रत्येक काळ्या कुत्र्याचा कान पाहो.

बंडूकाका: हा मेसेज डिलीट केला आहे

शीलाआत्या: काय लिहिलं होतं बंडूदादा?

शीलाआत्या: बंडूदादा?

बंडूकाका: शीला, तो बाजारात नाही गेला. त्या वर्षी नदीकाठच्या एका घरचं पोरगं पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलं होतं. महिनाभरानं पाण्याले भेऊ लागलं अन् दोन दिवसात गेलं. चावणारं कुत्रं कधीचंच मरून गेलं होतं. पण लोक हातात दांडे घेऊन पंचायतीपुढे बसले. आबा पंच होते. गुळाच्या गोळ्यात कुचल्याचं वीख घालून रातच्याले टाकायचं ठरलं. ठराव आबाच्या अक्षरात हाये, मी वाचला. घरचे कुत्रे बांधून ठेवा अशी दवंडी झाली होती. काळ्याले कोण बांधणार? तिन्ही घरांले वाटलं, दुसऱ्यानं बांधला असन. दावं त्याच्या गळ्यात कधी नव्हतंच.

वैभव: हे सरळ सरळ बेकायदेशीर आहे ना?

बंडूकाका: आज हाये. 2001 ले नियम आले, कुत्रं मारायचं नाही, नसबंदी करायची. 2023 चे नियम पण तेच सांगतात. तेव्हा नगरपालिकाही वीखच टाकत होत्या.

संगीतावैनी: टोचलेलं कुत्रं असतं त ना पोरगं गेलं असतं ना कुत्रं.

मोठी आई (योगेश): आबा रोज सपरीत जेवत. तो समोर पायरीवर बसे, आबा घास फेकत. त्या दिवसापासून आबा आत चुलीपाशी जेवू लागले. मरेलोक. आम्ही समजलो, थंडी लागते.

(पुढचा मेसेज पाऊण तासानं.)

शीलाआत्या: तीन बाजार पाह्यले मी.

प्रमोददादा: आत्या, फोन करू का?

शीलाआत्या: नको रे. चूल पेटवून राह्यली. पिंटू, त्या स्टँडवरच्याचं नाव काय?

पिंटू: कंडक्टर लोक त्याले मॅनेजर म्हणतात. टपरीवाला राजू म्हणते. झेरॉक्सवाली पोरगी काहीतरी इंग्रजी नाव घेते, ते मले बोलता येत नाही. आत्ताच पारले देल्लं मी त्याले.

संगीतावैनी: टोचलं का त्याले?

पिंटू: माहीत नाही.

संगीतावैनी: सोमवारी ढोरायच्या दवाखान्यात इचारून ये. कुत्रे उचलायची गाडी यायच्या आधी.

शीलाआत्या: अन् बिस्कुट नको देऊ बे. भाकर दे.