सेज या गणिती सॉफ्टवेअरमधून सिम्पाय या पायथनच्या बीजगणित-लायब्ररीत नेताना सूत्रात काल्पनिक एकक कुठून आलं?

तुळईवाला: कॅन्टिलिव्हरच्या (एकाच टोकाला घट्ट बसवलेल्या तुळईच्या) टोकाचा झोल, पीएल³/३ईआय, सेजमध्ये काढला. पी म्हणजे टोकावरचा भार, एल लांबी, ई यंग मापांक (ताठरपणाचं माप), आय जडत्वाघूर्ण; ई आणि आय दोन्ही व्हेरिएबल म्हणून घोषित केलेले. मग सूत्राची स्ट्रिंग (नुसता मजकूर) करून सिम्पायच्या सिम्पिफायला, म्हणजे मजकुराचं सूत्र करणाऱ्या फंक्शनला, दिली. उत्तरात उणे आय आला, छेदात ऑयलरचा २.७१८. लोखंडाचा दांडा संमिश्र प्रतलात वाकला की काय?

जुनाखोड: स्ट्रिंग करताना व्हेरिएबल मरतात, उरतात फक्त अक्षरं. सिम्पायच्या लेखी मोठा ई (कॅपिटल) ऑयलरच्या अंकासाठी आणि मोठा आय काल्पनिक एककासाठी राखीव आहे. एन, ओ, एस, क्यू हीही राखीवच. सेजच्या राशीवर `_सिम्पाय_()` बोलाव, वस्तू थेट वस्तूत जाते. परतीला `_सेज_()`, किंवा सरळ एसआरमध्ये (सेजच्या अक्षरी राशी जिथे राहतात तिथे) घाल. स्ट्रिंगच हवी असेल तर सिम्पिफायच्या लोकल्समध्ये (कुठल्या नावाचा अर्थ काय ते सांगणाऱ्या यादीत) दोन्ही नावांची सिम्बॉल, म्हणजे साधी चलं, दे. (घाताचं ^ चिन्ह मात्र सिम्पिफाय आपणहून सांभाळतं, तेवढं कौतुक करू.)

तुळईवाला: `_सिम्पाय_()` चाललं! पण एल²चं वर्गमूळ एल होत नाही.

जुनाखोड: बरोबरच आहे, एल ऋण असू शकतो. सिम्पायमध्ये नाव एकच असलं तरी धन मानलेलं सिम्बॉल आणि साधं सिम्बॉल वेगवेगळे. सब्स (एकाच्या जागी दुसरं घालणारं फंक्शन) वापरून साध्या एलच्या जागी पॉझिटिव्ह=ट्रू असलेला एल बसव.

शून्यशेष: आणि साध्या पायथन फाइलमध्ये १/२ लिहिलंस तर ०.५ होतो. सेजचा प्रीपार्सर (लिहिलेलं पायथनला देण्याआधी बदलणारा भाग) तिथे नसतो. सिम्पायचं रॅशनल(१, २) लिही.