मदत हवी आहे: स्कॉटलंडच्या असिंट भागातल्या कमी वर्दळीच्या वाटा

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस बाबा पुण्याहून आमच्याकडे नॉटिंगहमला येतायत. त्यांना स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला, सदरलंडमधल्या असिंट भागात आठवडाभर डोंगर चालायचेत. बेन नेव्हिस, ग्लेन को, स्काय यांच्यावर त्यांनी आधीच काट मारलीय. "रांगेत उभं राहून डोंगर चढायचा तर रविवारी सिंहगड काय वाईट आहे?" हे त्यांचं म्हणणं. तेव्हा जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

बाबांचं वय ६६. सह्याद्रीत आयुष्य गेलंय. मोडलेल्या घाटवाटा, कारवीतून घुसणं, आडव्या मारायच्या निसरड्या वाटा या सगळ्याची सवय आहे, दृष्टिभय नाही. मात्र उजवा गुडघा लांब उतारावर कुरकुरतो, त्यामुळे दिवसाला बारा-पंधरा किलोमीटरच्या वर नको. मी मध्यम प्रतीचा भटक्या, नकाशा-होकायंत्र वापरता येतं. इनव्हर्नेसहून गाडी भाड्याने घेणार, मुक्काम लॉखिन्व्हरच्या आसपास.

आतापर्यंत जे चाळलंय ते असं. सूलव्हन हा डोंगर अर्थातच डोळ्यांत भरलाय. उंची ७३१ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्मीसुद्धा नाही, पण चाल जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि ग्लेनकॅनिस्पकडून जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. शेवटची घळ फोटोत तरी सरळसोट दिसते. वाटेत सुइलेग नावाची बॉथी (डोंगरातला साधा, सगळ्यांना खुला निवारा) आहे, तिथे रात्र काढून दोन दिवसांत केला तर गुडघ्याला झेपेल का? की तो आता 'कमी वर्दळीचा' राहिलेलाच नाही?

दुसरं, एस अ खूल आलिन हा धबधबा. ब्रिटनमधला सगळ्यात उंच, सुमारे २०० मीटर. ए ८९४ रस्त्यावरून, लॉख ना गॅनव्हिक या तळ्याजवळून वाट जाते म्हणे.

तिसरं आणि बाबांना सर्वात आवडलेलं: कोइगाखची डाकवाट. एकोणिसाव्या शतकात पोस्टमन आठवड्यातून दोनदा या वाटेने आखिल्टिबुईकडे टपाल न्यायचा. दहा-अकरा किलोमीटर, बेन मोर कोइगाखच्या पायथ्याच्या उतारावरून, खाली थेट समुद्र. काही जण म्हणतात सोपी आहे, काही म्हणतात वाटच सापडत नाही. नक्की काय?

शिवाय तंबू कुठे लावलेला चालतो, ओढे कितपत त्रास देतात, आणि मे अखेरीला ते कुप्रसिद्ध मिज किडे सुरू होतात का, हेही सांगा. या यादीत नसलेलं काही सुचलं तर फारच उत्तम.

---

वाराखाऊ:

इनव्हर्नेसला बरीच वर्षं राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. असिंटमध्ये निर्जन वाट शोधावी लागत नाही. २०१५ साली 'नॉर्थ कोस्ट ५००' हा गाडीमार्ग गाजायला लागल्यापासून गर्दी झाली ती रस्त्यावर. वाहनतळापासून तासभर आत गेलात की पुन्हा तुम्ही आणि हरणं. त्यामुळे 'कोणती वाट कमी प्रसिद्ध' यापेक्षा 'आज कोणती वाट चालण्याजोगी' हा प्रश्न रोज सकाळी विचारा. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा वायव्य हायलँड्सचा अंदाज बघा, आणि त्यात पावसाच्या आधी वारा वाचा. सह्याद्रीतल्या माणसाला पावसाचं काही वाटत नाही, पण इथे माथ्यावर वारा माणसाला अक्षरशः बसवतो.

दुसरं म्हणजे जमीन. नकाशावर बारा किलोमीटर दिसतात, पण त्यातले चार-पाच पीटच्या दलदलीतून असले तर वेळेचा हिशेब पार बदलतो. घोट्यापर्यंत पाय जाणार, बूट ओले होणार हे धरूनच चाला. दोन काठ्या हव्यातच, गुडघ्यासाठीही आणि पुढची जमीन चाचपायलाही.

सूलव्हन: वाट दुरुस्त झाल्यापासून लोक बरेच वाढलेत, तरी रांग वगैरे नसते. घळीचा उतार हीच तुमच्या बाबांची खरी परीक्षा. त्याऐवजी बॉथीपर्यंत जा, डोंगर समोर ठेवून जेवा आणि परत या. मला तरी माथ्याइतकाच तो दिवस आवडतो, कारण सूलव्हनवरून सूलव्हन दिसत नाही.

धबधब्याचंही तेच. त्या वाटेने तुम्ही पोचता त्याच्या डोक्यावर, आणि तिथून धबधबा सोडून सगळं दिसतं. कडेला वाकून बघायला जाऊ नका. काइलस्क्यूहून हंगामात बोट सुटते, ती घ्या, समोरून बघा आणि वाचलेला दिवस दुसरीकडे घाला.

कुठे? इंचनडॅम्फच्या दक्षिणेला ओल्ट नान उआव्ह ओढ्याच्या खोऱ्यातल्या हाडांच्या गुहा. जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर, त्यामुळे लोक 'छोटी चाल' म्हणून सोडून देतात. हा चुनखडीचा पट्टा आहे. वाटेत एके ठिकाणी जमिनीतून भळाभळा पाणी उसळतं आणि त्याच्या वर गेलात की ओढ्याचं पात्र कोरडं, कारण पाणी खालून चाललेलं असतं. गुहांमध्ये अस्वल, रेनडिअर, लिंक्स यांची हाडं सापडली आहेत. १८८९ मध्ये पीच आणि हॉर्न या भूशास्त्रज्ञांनी तिथे उत्खनन केलं. याच जोडगोळीने पुढे १९०७ च्या ग्रंथात इथल्या खडकांचं कोडं उलगडून सांगितलं. ते बघायला नॉकन क्रॅग या कड्याला जा, भर पावसाचा दिवस तिथे सत्कारणी लागतो. सुमारे १०० कोटी वर्षांचा शिस्ट खडक ५० कोटी वर्षांच्या चुनखडकावर सरकून बसलाय: वरचा थर म्हातारा, खालचा तरुण. सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, आणि लॉखिन्व्हरभोवतीचा करडा 'नाइस' खडक ३०० कोटींच्या घरातला. बाबांना दगडांची आवड असेल तर त्यांना गाडीत परत बसवणं अवघड जाईल.

तंबू: २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने जवळजवळ कुठेही फिरण्याचा हक्क दिलाय, त्यात तंबूही आला. घरं, शेतं, रस्ते यांपासून लांब लावा, माग ठेवू नका. हा हक्क पायी माणसाचा, रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅम्परव्हॅनचा नव्हे.

---

गोचीडग्रस्त:

नाव वाचून कळलं असेलच. मिज मे अखेरीला नुकते सुरू होतात. वारा असेल तर दिसतही नाहीत, वारा पडला की डोक्यावरून जाळी ओढा. पण खरी काळजी गोचिडींची, त्यांच्यातून लाइम आजार होऊ शकतो. फुलपँट मोज्यात खोचा, रोज संध्याकाळी काखा, गुडघ्यामागची लवण, कंबर तपासा, आणि बारीक चिमटा जवळ ठेवा. काढताना पिळायची नाही, कातडीलगत धरून सरळ ओढायची.

एकेरी रस्त्यावरचे 'पासिंग प्लेस' समोरच्याला आणि मागच्याला वाट देण्यासाठी असतात. तिथे गाडी लावून फिरायला जाणाऱ्यांना स्थानिक लोक मनापासून शिव्या घालतात.

---

डोंगरची मैना:

डाकवाट आम्ही कोरड्या हवेत केली आहे. सोपी नाही आणि भयंकरही नाही. वाट मधेच पुसट होते, तेव्हा खाली समुद्राकडे न भरकटता उंची धरून राहायचं. मधले ओढे मोठ्या पावसानंतर ओलांडता येत नाहीत, त्या दिवशी सरळ रद्द. आडवी मारायची सवय असलेल्यांना आवडेल, पण पायाखालून नजर काढता येत नाही. गाडी एका टोकाला राहते, हे लक्षात ठेवा. निम्मी करून मागे फिरलात तरी चालेल, समुद्राचा देखावा पहिल्या तासातच सुरू होतो.

आणि उत्तरेला एक दिवस काढता आला तर सँडवुड बे. ब्लेअरमोरहून एका बाजूने साडेसहा-सात किलोमीटर, गुडघ्याला त्रास नाही. पुळणीवर माणसं भेटतील, पण ईशान्येला थोडं पुढे गेलं की स्ट्रॅथखेलीखची बॉथी लागते. तिथे एक एकांतप्रिय माणूस तीसेक वर्षं राहिला, त्याने भिंतींवर काढलेली चित्रं अजून आहेत. मात्र परतीसह अंतर तुमच्या मर्यादेबाहेर जातं, तेव्हा मुक्काम केला तरच. त्यापुढे केप रॅथकडे लष्कराचं गोळीबार क्षेत्र आहे, सरावाच्या तारखा आधी बघितल्याशिवाय जाऊ नका.

---

धागाकर्ता:

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. सूलव्हनचा माथा सोडायला ते तयार नाहीत, म्हणून त्याच्यासाठी एक चांगल्या हवेचा दिवस राखीव ठेवतोय. बॉथीवर मुक्काम करून सकाळी लवकर निघायचं, आणि घळीच्या तोंडाशी गुडघा काय म्हणतो ते बघून ठरवायचं. हाडांच्या गुहा आणि बोट नक्की. डाकवाट निम्मी.

@डोंगरची मैना, निम्मीच करायची तर कुठल्या टोकाने सुरुवात करावी, स्ट्रॅथकॅनर्डकडून की आखिल्टिबुईकडून? आणि मुक्कामाला बॉथीत जागा मिळाली नाही तर जवळपास तंबूपुरती कोरडी जमीन सापडते का, हे कुणी सांगेल का?