मदत हवी आहे: उसातल्या फ्लक्स टॉवरचा ऊर्जेचा ताळेबंद जुळत नाही

काळी_जमीन

नमस्कार मंडळी. काळ्या जमिनीतल्या आडसाली उसात एडी कोव्हेरियन्सचा (हवेच्या भोवऱ्यांतून पिकावरून वर जाणारी उष्णता आणि बाष्प मोजणारा) टॉवर आहे. शेत साधारण 15 एकर. वारा बहुतेक पश्चिमेचा, त्यामुळे टॉवर पूर्वेकडे ठेवला आहे आणि वाऱ्याच्या बाजूला सुमारे 200 मीटर ऊस मिळतो. सॉनिक अ‍ॅनिमोमीटर (ध्वनीने वारा आणि तापमान मोजणारा) 4 मीटरवर, पश्चिमेकडे तोंड करून. ओपन-पाथ गॅस अ‍ॅनालायझर (हवेतले बाष्प मोजणारा) त्याच्या उत्तरेला 40 सेंमीवर. सेकंदाला 10 नोंदी, अर्ध्या तासाची सरासरी. सॉइल हीट फ्लक्सच्या (मातीतून जाणारी उष्णता मोजणाऱ्या) दोन प्लेट 8 सेंमी खोल, दोन्ही वरंब्यात.

ऊस 80 सेंमी होता तोवर ताळेबंद (टॉवरने मोजलेली उष्णता भागिले उपलब्ध ऊर्जा) 0.8 च्या आसपास जुळत होता. आता ऊस 3.2 मीटर झाला आहे आणि आकडा 0.62 वर आला आहे. दुपारचा एक नमुना, सगळे वॅट प्रति चौरस मीटरमध्ये: नेट रेडिएशन (येणारे वजा परत जाणारे) 560, प्लेटचे वाचन 25, संवेद्य (हवा तापवणारी) उष्णता 60, बाष्पाची सुप्त उष्णता 270. म्हणजे 535 पैकी 330 चाच हिशेब लागतो.

डबल रोटेशन (दर अर्ध्या तासाला सॉनिकचा कल गणिताने काढणे), सॉनिक तापमानाची आर्द्रता-दुरुस्ती आणि घनतेची वेब-पिअरमन-ल्युनिंग दुरुस्ती केली आहे. सॉफ्टवेअरमध्ये टाइम लॅग (दोन उपकरणांच्या नोंदींमधला वेळेचा फरक) शून्य ठेवला आहे. बोवेन गुणोत्तर (संवेद्य भागिले सुप्त उष्णता) कायम ठेवून दोन्ही फ्लक्स वाढवून घेतले तर चालेल का? जाणकारांनी सांगावे.

वारा_आणि_वरंबा

अजून वाढवून घेऊ नका. तसे केले की ताळेबंद कागदावर जुळतो आणि मूळ चूक कायमची झाकली जाते. तुमच्या आकड्यांत निदान तीन वेगवेगळ्या चुका मिसळल्या आहेत असे दिसते.

पहिली उंचीची. पीक वाढले, टॉवर तिथेच राहिला. विस्थापन उंची (दाट पिकामुळे वाऱ्याला जमीन जितकी वर उचलल्यासारखी वाटते ती) पिकाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश धरा. ऊस 80 सेंमी असताना ती सुमारे 0.5 मीटर होती, म्हणजे सॉनिक प्रत्यक्षात 3.5 मीटरवर काम करत होता. आता ती 2.1 मीटर आहे आणि हातात उरले फक्त 1.9. सॉनिक शेंड्यांपासून जेमतेम 80 सेंमी वर आहे, म्हणजे खडबडीत उपथरात. तिथे पानांच्या प्रत्येक झुपक्यामागची खळबळ वेगळी असते, त्यामुळे एका बिंदूवरचे माप शेताचे प्रतिनिधित्व करत नाही. शिवाय पृष्ठभागाजवळ भोवरे लहान आणि जलद होतात, आणि 40 सेंमी अंतरावरची दोन उपकरणे लहान भोवरा एकाच वेळी पकडू शकत नाहीत.

पण थेट 6 मीटरवरही जाऊ नका. विस्थापनावरच्या उंचीच्या शंभरपट सलग पीक हवे, या ढोबळ नियमाने तिथे 390 मीटर ऊस लागेल. तुमच्याकडे 200 आहे. 5 मीटर हा मधला मार्ग ठीक वाटतो. दिवसा हवा अस्थिर असते, फूटप्रिंट (माप शेताच्या ज्या भागातून येते तो) आखूड होतो, म्हणून दुपारची माहिती वापरता येईल. रात्रीची मात्र फूटप्रिंट मॉडेलमधून गाळूनच घ्या.

माती_आठ_सेंमी

दुसरी चूक जमिनीत आहे. प्लेट 8 सेंमीवरून जाणारी उष्णता मोजते. वरच्या 8 सेंमी मातीत अडकून राहिलेली उष्णता तिला दिसत नाही.

हिशेब असा. कोरड्या मातीची घनता 1.2 ग्रॅम प्रति घन सेंमी आणि आकारमानाने ओल 40 टक्के धरली, तर उष्णताधारकता साधारण 27 लाख ज्यूल प्रति घन मीटर प्रति अंश येते. थराची जाडी 0.08 मीटर. अर्ध्या तासात थर 0.4 अंशाने तापला तर 27 लाख गुणिले 0.08 गुणिले 0.4, भागिले 1800, म्हणजे 48 वॅट. तुमच्या प्लेटच्या वाचनाच्या जवळपास दुप्पट! 2 आणि 6 सेंमीवर तापमापक आणि शेजारी ओलाव्याचा सेन्सर पुरा. पाटपाणी दिल्यावर ओल बदलते, तेव्हा धारकता दर अर्ध्या तासाला नव्याने काढा.

दोन्ही प्लेट वरंब्यात ठेवणे चुकीचे आहे. एक सरीत हलवा. पाणी दिल्यावर सरी आणि वरंबा यांच्या तापमानात बराच फरक पडतो. वाफसा जाऊन सुकत गेली की काळी माती भेगाळते आणि प्लेटखाली हवेची पोकळी तयार होते, वाचन एकदम घसरते. प्लेट बसवताना माती हाताने दाबून घट्ट लावा.

उभ्या उसाचाही वाटा आहे. हेक्टरी 100 टन हिरवा माल म्हणजे चौरस मीटरला 10 किलो. तो अर्ध्या तासात 1 अंश तापला तर 19 वॅट खातो. प्रकाशसंश्लेषणात आणखी 10 ते 15.

कोस्पेक्ट्रम

लॅग शून्य ठेवणे ही तिसरी चूक. अ‍ॅनालायझरचा स्वतःचा प्रक्रिया-विलंब असतो आणि त्यात 40 सेंमी अंतराची भर पडते. उभा वारा आणि बाष्प यांचा क्रॉस-कोव्हेरियन्स (एक नोंद पुढे-मागे सरकवून दोन्हींचा मेळ) उणे 1 ते अधिक 1 सेकंदात काढा आणि शिखर कुठे येते ते पाहा.

एक गोष्ट नीट समजून घ्या. अंतर वाऱ्याच्या दिशेत असेल तर लॅगने भरपाई होते. 2 मीटर प्रति सेकंद वाऱ्यात 40 सेंमी म्हणजे 0.2 सेकंद. तुमचा अ‍ॅनालायझर मात्र वाऱ्याला आडवा आहे, आणि आडव्या अंतराचे नुकसान लॅग भरून काढू शकत नाही. अंतर 15-20 सेंमीवर आणा आणि अ‍ॅनालायझर सॉनिकच्या किंचित मागे, थोडा खाली बसवा. थोडा तिरपा ठेवा, म्हणजे दवाचे पाणी काचेवर थांबणार नाही.

नुकसान बाष्पातच आहे की सगळीकडे, हे ओळखायला वारंवारितेने गुणलेले दोन कोस्पेक्ट्रा (कोणत्या वारंवारितेचे भोवरे किती वाहून नेतात त्याचे आलेख) एकमेकांवर काढा: उभा वारा-तापमान आणि उभा वारा-बाष्प. 1968 च्या कॅन्सस प्रयोगापासून माहीत असलेला उणे 4/3 चा उतार उजवीकडे दिसायला हवा. तापमानाची रेष तशी उतरली आणि बाष्पाची आधीच खचली, तर दोष अंतराचा आणि लॅगचा. दोन्ही खचल्या तर दोष सॉनिकच्या उंचीचा.

काळी_जमीन

मनापासून आभार. क्रॉस-कोव्हेरियन्सचे शिखर 3 नोंदींवर आले, म्हणजे 0.3 सेकंद. तेवढ्याने सुप्त उष्णता 270 ची 292 झाली. बाष्पाची रेष खरोखरच आधी खचते, तापमानाची नाही. मातीची साठवण 48, उसाची आणि प्रकाशसंश्लेषणाची मिळून 27 धरली तर 460 पैकी 352, म्हणजे 0.77. सॉनिक 5 मीटरवर नेल्यावर आधीच्या नोंदींवरून काढून ठेवलेला जुना प्लेनर फिट (अनेक आठवड्यांच्या वाऱ्यावरून सॉनिकच्या कलाचे एकच प्रतल बसवणे) वापरता येईल का?

वारा_आणि_वरंबा

नाही. उंची किंवा बूम (उपकरणाचा आडवा दांडा) हलला की जुने प्रतल बाद. नव्या जागी निदान तीन-चार आठवड्यांच्या नोंदी जमू द्या, तोवर डबल रोटेशनच वापरा. टॉवरच्या मागून आलेला वारा फिटमधून वगळा.

उरलेल्या तुटीला घाबरू नका. कॅलिफोर्नियात 2000 साली पाटपाणी दिलेल्या कापसात झालेल्या एबेक्स प्रयोगात, इतकी काळजी घेऊनही सुमारे 10 टक्के ऊर्जा सापडली नव्हती. अर्ध्या तासात न मावणारे मोठे भोवरे एका टॉवरच्या हाती लागत नाहीत. आडवे अंतर कमी केल्यावर दुपारचा आकडा कळवा, म्हणजे पुढचे बोलता येईल.