इसबगोलाच्या सालीतील शर्करा जनुकात नेमकी कुठे लिहिलेली असते?

प्रश्न – जीवशास्त्र_शिक्षिका

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात बारावीच्या वर्गात डीएनएवरून आरएनए आणि आरएनएवरून प्रथिन हा भाग चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, की तिच्या आजीला रोज रात्री इसबगोल भिजवून देतात, पेल्यातले पाणी थोड्याच वेळात खिरीसारखे दाट होते, आणि ते दाट करणारा पदार्थ प्रथिन नसून शर्करांची साखळी आहे असे तिने वाचले आहे. मग जनुकांत मजकूर प्रथिनांचाच असेल, तर ही साखळी आली कुठून?

जनुकांपासून विकरे म्हणजे एन्झाइम तयार होतात आणि ती विकरे शर्करा जोडतात, असे उत्तर मी दिले. ते चूक नाही, पण त्याने माझेच समाधान झालेले नाही. साखळी कोणत्या शर्करेची असावी, तिला फांद्या कुठे फुटाव्यात, ती किती लांब असावी, हे कोण ठरवते? शतावरी, सफेद मुसळी आणि कोरफड यांच्या औषधी शर्करांनाही हेच उत्तर लागू पडते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – पेशीभित्तिका

आपल्या विद्यार्थिनीने नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. मी वनस्पतींच्या पेशीभित्तिकेवर काम करतो, म्हणून इसबगोलापुरते लिहितो.

पहिली गोष्ट अशी, की प्रथिनाला साचा असतो आणि बहुशर्करेला, म्हणजे शर्करांच्या लांब साखळीला, तो नसतो. प्रथिनातील प्रत्येक दुवा आरएनएवरील मजकूर वाचून बसवला जातो, त्यामुळे एका जनुकापासून झालेल्या प्रथिनाच्या प्रती मुळात सारख्याच लांबीच्या असतात. बहुशर्करेच्या साखळीसाठी असा वाचायचा मजकूरच नाही. एकाच बीजातील दोन साखळ्या सहसा सारख्या लांबीच्या नसतात, आणि म्हणूनच अशा पदार्थाचा रेणुभार सरासरीने सांगावा लागतो. साखळीचा आकृतिबंध विकरांच्या घडणीत दडलेला असतो: एखाद्या विकराच्या खाचेत एकच शर्करा बसते आणि ते तिला ठरावीक कोपऱ्यावरच जोडते. थोडक्यात, आपण विचारलेला मजकूर एका जागी नसून अनेक जनुकांत विखुरलेला आहे.

आता प्रत्यक्ष इसबगोल पाहू. आपण जी साल पाण्यात घालतो, ती बीजावरणाचा सर्वांत बाहेरचा थर असून वजनाने बीजाचा सुमारे चौथा हिस्सा असते. तिच्यातील मुख्य बहुशर्करा अरॅबिनोझायलान ही आहे. तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश झायलोज आणि उरलेल्यात बहुतांश अरॅबिनोज असते. बीज भरत असताना पानांकडून येते ती सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर. तिच्यापासून पेशी यूडीपी-ग्लुकोज बनवते. यूडीपी हा शर्करेला चिकटवलेला, ऊर्जा बाळगणारा गट आहे, आणि पुढच्या जोडणीचा खर्च त्यातून भागतो. एक विकर या ग्लुकोजचे ग्लुक्युरॉनिक आम्ल करते, दुसरे त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू काढून टाकते आणि सहा कार्बनांच्या शर्करेपासून पाच कार्बनांचे झायलोज हाती येते. त्याच झायलोजच्या एका कार्बनावरील हायड्रॉक्सिल गटाची दिशा पालटली की अरॅबिनोज तयार होते. या प्रत्येक पायरीच्या विकराचे वेगळे जनुक आहे.

जोडणीचे काम पेशीच्या गॉल्जी यंत्रणेत, म्हणजे पेशीतील चपट्या पिशव्यांच्या चळतीत, चालते. झायलोजला झायलोज जोडून साखळीचा कणा तयार करणाऱ्या विकराच्या जनुकाला आयआरएक्स-१० म्हणतात. हे नाव 'इर्रेग्युलर झायलेम' यावरून पडले आहे, कारण अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील लाडक्या रोपट्यात या गटातील जनुके बिघडली की पाणी वाहून नेणाऱ्या नलिका पिचकतात. अरॅबिडॉप्सिस, इसबगोल आणि एक मॉसवर्गीय वनस्पती या तिघांच्या अशा प्रथिनांमध्ये झायलान, म्हणजे झायलोजची साखळी, वाढवण्याची क्षमता आहे, हे २०१४ मध्ये परीक्षानळीत सिद्ध झाले. मला यातली सर्वांत विलक्षण वाटणारी बाब हीच आहे: खोडाला ताठ ठेवणारी झायलानाची साखळी घडवणारे विकर इसबगोलाने बीजाच्या सालीत कामाला लावले, आणि कठीण लाकडाऐवजी तिथे पाण्यात फुगणारा लगदा तयार झाला.

हा फरक फांद्यांमुळे पडतो. फांद्या विरळ असलेल्या झायलानाच्या साखळ्या एकमेकींना आणि सेल्युलोजला बिलगून बसतात. इसबगोलात कण्यावर झायलोज आणि अरॅबिनोज यांच्या आखूड फांद्या इतक्या दाट असतात की साखळ्यांना घट्ट बिलगता येत नाही आणि त्यांच्यामधल्या जागेत पाणी अडकून राहते. गहू आणि भात यांमध्ये झायलानावर अरॅबिनोज चढवण्याचे काम जीटी-६१ या कुटुंबातील विकरे करतात, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. पुढे इसबगोल आणि त्याच्या ऑस्ट्रेलियातील वन्य भाऊबंदांची तुलना केली असता, बीजावरील बुळबुळीत द्रव्याच्या घडणीतील फरकाबरोबर याच कुटुंबातील जनुकांमध्येही फरक आढळला.

आजीला होणारा उपयोगही या फांद्यांशी निगडित आहे. दाट फांद्यांमुळे आतड्यातील जिवाणूंना ही साखळी सहजी तोडता येत नाही, त्यामुळे लगदा मोठ्या आतड्याच्या शेवटापर्यंत पाणी धरून ठेवतो आणि शौचाला मऊपणा येतो. तो पित्ताम्लेही अडकवतो; ती भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये इसबगोलाच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याविषयीचा दावा छापायला परवानगी दिली, ती याच परिणामामुळे.

उत्तर – कांदा_संशोधक

वरील उत्तर उत्तम आहे, पण शतावरी आणि सफेद मुसळी यांना ते जसेच्या तसे लागू होत नाही. (सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात आपले बोरिवली आहे, हेही वर्गात अवश्य सांगावे.) त्यांच्या मुळांतील फ्रुक्टान ही फ्रुक्टोजची साखळी आहे आणि ती गॉल्जी यंत्रणेत नव्हे, तर पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील द्रवाने भरलेल्या पिशवीत, तयार होते. तिथे यूडीपीची गरजच लागत नाही. एक विकर सुक्रोजचा एक रेणू मोडते, त्यातील फ्रुक्टोज दुसऱ्या सुक्रोजला जोडते आणि केस्टोज ही तीन दुव्यांची शर्करा तयार होते. पुढची विकरे तिच्यावर फ्रुक्टोज चढवत जातात.

हे विकर आले कुठून, हे सांगितल्यास आपल्या विद्यार्थिनीला आनंद होईल. सुक्रोज मोडून पाण्याशी जोडणारे इन्व्हर्टेज हे विकर बहुतेक साऱ्या वनस्पतींत असते. उत्क्रांतीच्या ओघात त्याच्या जनुकाच्या जादा प्रती झाल्या आणि एखाद्या प्रतीत विकराच्या खाचेजवळची मोजकीच अमिनो आम्ले (प्रथिनाचे दुवे) बदलली, की ते विकर तोडलेला फ्रुक्टोज पाण्याऐवजी दुसऱ्या शर्करेच्या हवाली करू लागते. कांद्याच्या इन्व्हर्टेजमध्ये असे बदल मुद्दाम घडवून हे तपासले गेले आहे. मी स्वतः कांद्यावर काम करतो. वाळवून पावडर करण्यासाठी ज्या पांढऱ्या कांद्याच्या जाती निवडतात, त्यांच्यात फ्रुक्टान भरपूर असते, आणि फ्रुक्टानाचे प्रमाण बरेचसे ठरवणारी एक जागा कांद्याच्या आठव्या गुणसूत्रावर सापडली आहे.

उत्तर – उत्तर_गुजरातवासी

मी नोकरीनिमित्त मेहसाणा जिल्ह्यात राहतो. ऊंझ्याच्या बाजारात इसबगोलाचे ढीग आम्ही दरवर्षी पाहतो. जनुकांतले मला फारसे कळत नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक तयार असताना अवकाळीची एक सर आली, तर उभ्या ओंबीतच दाणे फुगून गळतात आणि शेतकऱ्याचा हंगाम हातचा जातो. आजीच्या पेल्यात जे होते, तेच शेतात नको त्या वेळी होते. असे न फुगणारे वाण जनुके बदलून मिळेल का?

उत्तर – पेशीभित्तिका

आपला प्रश्न अवघड आहे, कारण कोरड्या मुलखात रुजण्यासाठी बीजाभोवती पाणी धरून ठेवणे हेच त्या सालीचे मूळ काम आहे. फुगणे पुरते बंद केले, तर औषधही गेले. आशा आहे ती फांद्यांची मांडणी बदलण्यात. गॅमा किरणांचा मारा केलेल्या इसबगोलाच्या बियांतून वेगळ्या घडणीची बुळबुळ असलेली रोपे निवडण्याचे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. कणसात टिकाव धरणारे आणि पेल्यात फुगणारे असे वाण त्यातून निघावे, असे मला मनापासून वाटते.

कोरफडीविषयी थोडक्यात: तिच्या गरातील अॅसेमॅनान ही मुख्यतः मॅनोज या शर्करेची साखळी आहे. असा कणा सीएसएलए या कुटुंबातील विकरे घडवतात. त्यांपैकी मॅनान बनवणारे विकर २००४ मध्ये गवारीच्या बियांत प्रथम ओळखले गेले. या साखळीवर अॅसिटिल नावाचे छोटे रासायनिक गट असतात, आणि ते निघून गेले तर ती पाण्यात नीट विरघळत नाही.

शिक्षिकाबाईंना एक प्रयोग सुचवतो. काचपट्टीवर पाण्यात थोडी काळी चायनीज शाई मिसळून त्यात इसबगोलाचा अख्खा दाणा ठेवावा आणि भिंगातून पाहावे. शाईचे कण लगद्यात शिरू शकत नाहीत.

जीवशास्त्र_शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज प्रयोग केला. काळ्या शाईत प्रत्येक दाण्याभोवती स्वच्छ पारदर्शक वलय उमटले आणि पाहता पाहता रुंदावत गेले. त्या विद्यार्थिनीने चार दाण्यांची वलये वहीत मोजपट्टीने मोजून ठेवली आहेत. चारही वेगवेगळ्या मापांची भरली, आणि आता तिला त्याचे कारण हवे आहे.