फाशीने भागत नाही

अनेकदा म्हटलं जातं की लाचखोरांना फाशी द्या, म्हणजे भ्रष्टाचार आपोआप थांबेल. मला पटत नाही. चीनमध्ये मोठ्या लाचखोरीला फाशीची तरतूद आहे, तरी नवी प्रकरणं निघतच राहतात. पकडले जाण्याची भीती नसेल तर शिक्षा कितीही कडक असली तरी ती कागदावरच.

तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या हाँगकाँगचं उदाहरण बघा. पोलिस अधिकारी पीटर गॉडबर १९७३ मध्ये भ्रष्टाचाराची चौकशी चालू असताना हाँगकाँग सोडून पळाला. लोक रस्त्यावर आले आणि १९७४ मध्ये पोलिसांपासून स्वतंत्र, थेट गव्हर्नरला जबाबदार असा भ्रष्टाचारविरोधी आयोग उभा राहिला. तपासाबरोबरच कार्यालयांतल्या कामाच्या पद्धती बदलणं आणि लोकांना तक्रारीसाठी तयार करणं हेही त्याचंच काम. मात्र १९७७ मध्ये पोलिसांनीच आयोगाच्या कचेरीवर हल्ला केला आणि सरकारला जुन्या बहुतेक गुन्ह्यांना माफी द्यावी लागली! कटू तडजोड, पण आयोग टिकला.

दुसरं युगांडाचं. १९९१ ते १९९५ या काळात शाळांसाठी निघालेल्या एका अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोचत, असं पाहणीत दिसलं. बाकीचे मधल्या मधे गडप. यात भरडली जातात ती गरीब घरची मुलं, कारण त्यांच्याकडे दुसरा पर्यायच नसतो. मग सरकारने किती रक्कम पाठवली ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि गळती बरीच घटली. (श्रेय एकट्या छापण्याला द्यायचं का, यावर अभ्यासकांत वाद आहे.) फाशीपेक्षा हे कितीतरी स्वस्त.