झाकण लावून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापतोय, बॅटरी उतरतेय (उबुंटू २४.०४, म्हणजे लिनक्स)

प्रश्न, औसा (जि. लातूर):
मी गावोगाव जाऊन सोयाबीनच्या पीक विम्याचे अर्ज भरून देतो. जुलैत दम खायला वेळ नसतो. एका गावातलं आटोपलं की झाकण लावायचं, लॅपटॉप बॅगेत टाकायचा आणि पुढची एसटी धरायची. बाहेर काढावा तर चटका बसेल इतका गरम, बॅटरी निम्म्याच्या खाली. पुढच्या गावात लाइट असेलच असं नाही, अन् माणसं मजुरी बुडवून सातबारा घेऊन बसलेली असतात. झाकण लावल्यावर स्क्रीन बंद होते, पण खरंच सस्पेंड व्हायलंय का, म्हणजे झोपी जायलंय का?

उत्तर, परभणी:
दादा, आधी तेच तपासा. झाकण लावा, थोड्या वेळाने उघडा आणि जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी कमांड) त्या वेळच्या नोंदी वाचा. 'लिड क्लोज्ड' (झाकण लागलं) नंतर सस्पेंडची ओळ नसेल तर लॉगिनडी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत हँडललिडस्विच 'सस्पेंड'च आहे ना, बघा. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असला तर मूळ सेटिंग 'इग्नोर' (झाकणाकडे दुर्लक्ष) असते. एखादा प्रोग्रॅम अडवत असेल तर सिस्टिमडी-इनहिबिट या कमांडच्या यादीत त्याचं नाव दिसतं.

औसा:
दोन्ही ओळी आहेत. मॉनिटर नाही. मधे जागा झाल्याचीही नोंद नाही.

उत्तर, अंबाजोगाई:
मग झोपतोय, पण झोप कच्ची आहे. 'सिस'खालच्या 'पॉवर' फोल्डरातली 'मेम_स्लीप' फाइल उघडा. चौकोनी कंसात 'एसटूआयडल' (हलकी झोप) असेल तर मशिन पूर्ण थंडावत नाही, बॅटरी खात राहतं. शेजारी 'डीप' (गाढ झोप) दिसलं तर रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन फाइलीत तेच लिहा. रीस्टार्ट केलं की बदल जातो. मात्र काही मशिन डीपमधून उठतच नाहीत, म्हणून स्कॅन केलेले कागद सेव्ह करून घरीच तपासा, लोक ताटकळत असताना नको. जमलं तर बदल कायम राहावा म्हणून ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) 'मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप' टाकून अपडेट-ग्रब चालवा. डीप यादीतच नसेल तर बायोसमध्ये (मशिनची मूळ सेटिंग) स्लीपचा पर्याय शोधा, काही मॉडेलांत असतो. तोही नसेल तर हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून मशिन पूर्ण बंद), त्याला रॅम मावेल एवढं स्वॅप, म्हणजे डिस्कवरची राखीव जागा, लागतं.
तोवर बॅगेत टाकण्याआधी शटडाउनच करा. तापून फुगलेली बॅटरी एसटीच्या गर्दीत फार धोक्याची.

औसा:
डीप होतं! रात्रभर झाकण लावून ठेवला, सकाळी गार होता, बॅटरी जेमतेम उतरलेली. उघडल्यावर यायला जरा उशीर लागतो, चालेल. ग्रबमध्ये टाकलं. फक्त उठल्यावर वायफाय कधीकधी लागत नाही.

परभणी:
नेटवर्कमॅनेजर (नेटची जोडणी सांभाळणारी सेवा) रीस्टार्ट करून बघा. तेवढ्यानं नाही आलं तर वायफायचं मॉड्यूल (ड्रायव्हर) मॉडप्रोब कमांडनं काढून परत घाला. त्याचं नाव 'एलएसपीसीआय -के' या कमांडमध्ये मिळेल, ते इथं टाका.